भागुबाईच्या हातची माळ

गिरगाव, मुंबई
६ जून १९५९

चि. सदास काशीचे आशीर्वाद.

कार्डावर जागा थोडी, म्हणून मुद्द्याचं तेवढं लिहिते. चैत्रात गावच्या धर्माबरोबर लाँचीने पाठवलेल्या तुझ्या पांढऱ्या कांद्याच्या माळा गॅलरीत टांगल्या होत्या. त्या कुजल्या. खानावळीत सतरा माणसं जेवतात. काल पंगतीत एकाने माझ्या हाताखालच्या राहीला विचारलं, कुठे उंदीर मेलाय का. राही बिचारी काय सांगणार. कांद्याचे भाव पावसात काय होतात ते तुला ठाऊक आहे, म्हणून तर तुझ्याकडून मागवते. पाठवायचं तर नीट पाठवावं, नाहीतर पाठवू नये. मला फसवायला मुंबईत माणसं पुष्कळ आहेत, त्यासाठी भावाने तसदी घ्यायला नको.

काशी

नेहुली, ता. अलिबाग, जि. कुलाबा
१० जून १९५९

ती. गं. भा. काशीअक्कास सदाशिवाचा साष्टांग नमस्कार.

तुझं कार्ड पोस्टमनने मला देण्याआधी वाचलं असावं, कारण देताना त्याने नाकाला रुमाल लावला होता. दिलं तेही देवळाच्या पायरीवर, चार माणसांदेखत. पुढल्या वेळी मला शिव्या द्यायच्या झाल्या तर पाकिटातून द्याव्यात. तेवढा खर्च मी सोसेन.

अक्का, आपल्या घरच्या कांद्यावर आजवर कोणी बोट ठेवलेलं नाही. शास्त्राने कांदा खाण्याचा निषेध केला आहे, पिकवण्याचा केलेला नाही, आणि या फटीत आपलं घर तीन पिढ्या उभं आहे. कूळकायद्यात बाकीची जमीन गेली. उरलेल्या सोळा गुंठ्यांत भात निघालं की मी पांढरा कांदा लावतो, आणि अलिबागेपासून रेवदंड्यापर्यंत लोक तो नावाने मागतात. तू मात्र त्याला उंदराच्या पंक्तीला बसवलंस.

मुंबईला गेलं की माणूस काय काय विसरतं, त्याची मी कल्पना करतो आहे. माळा सोडून, कांदे सुटे करून तू पिंपात भरले असशील, वर झाकण, शेजारी बटाटे. किंवा मोरीवर टांगल्या असशील, जिथं सतरा माणसांची भांडी विसळतात. अगं, माळ ही काही देव्हाऱ्यावरची शोभा नव्हे. कांदा पातीसकट उपटायचा, सावलीत पसरायचा, पात कोरडी ठणठणीत झाली की पेंढ्याच्या काड्यांचा आधार देऊन तिचीच तिपेडी वळायची, आणि वर टांगायची. वारा चहूकडून लागला पाहिजे. भिंतीला टेकता कामा नये. एवढं केलं की कांदा दिवाळी बघतो. हे तुला मी शिकवावं, याचंच मला वाईट वाटतं.

या वर्षी तर उपटणीसुद्धा मी मुद्दाम फाल्गुनातल्या एकादशीला, पुष्य नक्षत्रावर केली होती. तेव्हा दोष कुठं शोधायचा, ते तुझं तू ठरव.

सदाशिव

गिरगाव
१५ जून १९५९

चि. सदास आशीर्वाद.

तुझं पत्र मी रात्रीच्या पंगतीला मोठ्याने वाचून दाखवलं. सतरा जणांची करमणूक झाली. आता माझं ऐक.

तुझी मुंजसुद्धा झाली नव्हती तेव्हापासून मी आपल्या घरात माळा टांगते आहे. त्यांना वारा कसा द्यायचा हे मला सांगू नकोस. माळा मी सोडल्या नाहीत. पिंपात भरल्या नाहीत. मोरी घराच्या दुसऱ्या टोकाला आहे. गॅलरीत वर बांबूची दांडी आहे, तिला हातहात अंतरावर टांगल्या आहेत. पावसाची झड येते तिकडे गोणपाट लावलं आहे. राही दर शनिवारी एकेक कांदा चाचपते.

आणि आणखी एक. धर्माने आणून टाकल्या बारा. त्यातल्या अकरा कुजल्या. बारावी धड आहे, नुसती धड नाही, टिचकी मारली तर कवडीसारखी वाजते. तिच्या शेंड्याला हिरव्या लुगड्याची चिंधी बांधलेली आहे. तीही त्याच दांडीवर, त्याच वाऱ्यात, दोन कुजक्या माळांच्या मधोमध आहे. दोष माझ्या गॅलरीचा असता तर गॅलरीने तिला एकटीला माया का लावावी? वडिलांनी तुला नाशकाला सात वर्षं न्यायशास्त्र शिकायला ठेवलं होतं. मला कोणी ठेवलं नाही. तरी एवढं मला कळतं.

काशी

नेहुली
२१ जून १९५९

ती. गं. भा. अक्कास साष्टांग नमस्कार.

तुझा तर्क निर्दोष आहे. नाशकाला तुलाच पाठवायला हवं होतं, मी इथं पापड लाटले असते. गॅलरीची मी जाहीर माफी मागतो.

आता तर्क पुढे नेऊ. गॅलरी निर्दोष. कांदा माझ्या शेतातला, मुहूर्तावर काढलेला, तोही निर्दोष. शेत आणि गॅलरी यांच्या मधे राहिलं काय? हात. माळा वळल्या भागुबाईने. तू तिला ओळखतेस, खालच्या आळीतली, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. गावातले सगळे कांदेवाले तिच्याकडूनच वळून घेतात. पात ओली असताना तिने घाईने वळल्या, हे उघड आहे. चिंधीवाली माळ वाचली हा योगायोग. योगायोगावर सिद्धान्त उभा राहत नाही.

मला राग आला, अक्का. तुझ्या कार्डाने माझं नाव देवळाच्या पायरीवर गेलं होतं. तो दोष ज्याचा त्याच्या पदरात घालणं मला भाग होतं. सोमवारी मी कांदेवाल्या बाळाजीच्या वाडीत सांगितलं, मंगळवारी बाबाजीच्या ओटीवर, आणि बुधवारी आरतीनंतर देवळात, की भागुबाईच्या हातची माळ आता टिकत नाही. इथली रीत तुला आठवत असेल. आषाढात मापभर तांदूळ दारी पोचवून पुढल्या हंगामाची माळा वळणारी ठरवतात. या आषाढात भागुबाईच्या दारी तांदूळ जाणार नाहीत, असं दिसतं. वाईट वाटतं, पण इलाज नाही.

ती आली होती. ओटीवर चढली नाही, खालीच उभी राहिली.

"शास्त्रीबुवा, माज्या हातावर बोललाव म्हनं."

मी म्हटलं, "अकरा माळा कुजल्या आहेत."

"तुमी बगितलाव?"

"अक्काचं पत्र आहे."

"म्हंजे बगितलाव न्हाय," म्हणाली, आणि चालती झाली. इतका ताठा बरा नव्हे.

सदाशिव

गिरगाव
२७ जून १९५९

चि. सदास आशीर्वाद.

परवा दुपारी पंगत उठली होती, राही खरकटं काढत होती, तेव्हा दारात भागुबाई उभी. डोक्यावर इरलं, खालून गुडघ्यापर्यंत भिजलेली. गिरगावात इरलं घेऊन चालणारी बाई लोकांनी कधी पाहिली होती? सगळी चाळ गॅलरीत येऊन बघत होती. रामदास बोट बुडाली त्याला या पावसाळ्यात बारा वर्षं होतील. तुमच्या गावातली माणसं अजून पावसात लाँचीत पाय ठेवायला भितात. ही बाई दर्या उसळलेला असताना एकटी बसून आली.

मी म्हटलं, बस, पाणी घे. म्हणाली, "आदी कांदा दाव, अक्का."

कुजल्यांपैकी तीन माळा अजून टांगलेल्या होत्या, त्यातले बरे कांदे मी निवडून काढत होते. तिने त्यातला एक काढला, विळीवर उभा चिरला आणि माझ्यापुढे धरला. मी नीट बघितलं, सदा. बुडाकडे पांढरा स्वच्छ, आणि मानेपासून काळं आत उतरत गेलेलं.

"बग. खालनं न्हाय कुजला. वरनं कुजला. मान जाड हाय."

"म्हणजे ओली असतानाच वळलीस ना?" मी विचारलं. मला तुझी बाजू सोडवत नव्हती.

"जाड मान कवाच सुकत न्हाय. पंदरा दिस सावलीत पसरला व्हता मी. बाहेरनं कागदावानी झाली, आत रस तसाच. कांदा तयार झाला का मान आपली आपन पडते, अक्का. आर्द्या शेतात पात आडवी झाली का मंग उपटायचा. बुवांच्या शेतात येक मान पडली नव्हती. समदा कांदा उबा, पलटनीवानी. मी बोल्ले, आठ-धा दिस थांबा. तर बोल्ले, येकादशीला पुष्य हाय, पुन्ना असा दिस न्हाय."

"आणि ही चिंधीवाली?"

तेव्हा जरा ओशाळली. "ती माजी. माज्या परड्यातली. मुंबईसाटी बुवांनी अकराच वळाया लावल्या. तुज्यासाटी येक माज्याकडची टाकली. माजा कांदा अकरा दिसांनी उपटला, मान पडल्यावर. हात त्योच, पेंडा त्योच, लाँच तीच."

सदा, ती बारावी माळ तुझी नव्हतीच. मी ती तुझ्या नावावर धरून तुझ्याशी भांडत होते, आणि तू ती योगायोगावर ढकललीस. आता तुझ्या नाशकाच्या विद्येने यातून काय निघतं ते तूच बघ. मला निघालं आहे.

मी तिला पान वाढलं. बसली नाही. "बुवा बोलतील तवा जेवन," म्हणाली. मी म्हटलं, मी त्याला पत्र लिहिते, तो तुला चिठ्ठी देईल. तर म्हणते, "मना चिठ्ठी नको. तीन ठिकानी बोल्ले. त्याच तीन ठिकानी बोलाया पायजे."

मला ते बरोबर वाटतं. आषाढ सरायच्या आत कर. लाज तुझी जाईल ती परत येईल, तिचा हंगाम गेला तर परत यायचा नाही.

काशी

नेहुली
३ जुलै १९५९

ती. अक्कास नमस्कार.

पत्र पोचलं. मुहूर्त पाहणं हा आपल्या घरात कधी गुन्हा नव्हता. वडील विहिरीचा दोर बदलायलासुद्धा पंचांग उघडत. ज्या बाईला अक्षर येत नाही तिने एक कांदा चिरून केलेला निवाडा मला पाकिटात घालून पाठवावा आणि मी तो डोक्यावर घेऊन गावभर फिरावं, ही अपेक्षा तुझ्याकडून नव्हती. याउपर या विषयावर लिहू नये.

सदाशिव

गिरगाव
८ जुलै १९५९

चि. सदास आशीर्वाद.

बरं. या विषयावर लिहीत नाही.

दुसऱ्या विषयावर: भाऊबीजेला येऊ नकोस.

तिसऱ्या विषयावर: त्याच शेतातल्या, त्याच एकादशीच्या माळा तुझ्या स्वतःच्या घरात टांगलेल्या असतील. त्या कशा आहेत, हे तू एकाही पत्रात लिहिलेलं नाहीस.

काशी

नेहुली
२० ऑगस्ट १९५९

ती. गं. भा. अक्कास सदाशिवाचा साष्टांग नमस्कार.

तिसऱ्या विषयाचं उत्तर आधी देतो, कारण ते द्यायला मला दीड महिना लागला.

माझ्या माजघरात चोवीस माळा होत्या. आज एकही नाही. पहिली कुजली ती जूनच्या पहिल्याच दिवशी, तुझं कार्ड यायच्या आधी. दुपारी आळी झोपली असताना मी ती परड्यात पुरली. मग दुसरी. तुझं कार्ड आलं तेव्हा पाच पुरून झाल्या होत्या, आणि उन्हात कुदळ चालवल्यामुळे माझ्या हाताला फोड होते. त्या फोडांनीच मी तुला पिंप आणि मोरीविषयी लिहिलं. मला तुझा राग आला होता तो तू खोटं लिहिलंस म्हणून नव्हे. खरं लिहिलंस, तेही उघड्या कार्डावर, म्हणून.

भागुबाईने तुझ्यापुढे चिरला तसा मीही एक कांदा चिरून पाहिला होता. मान मला दिसली होती. मी ती विळीवरच ठेवून उठलो.

आता पुढचं. श्रावणात देवळात पोथी मी वाचतो. भागुबाई मागे खांबाशी बसते, याही वर्षी बसली. पहिल्याच सोमवारी मी ठरवलं की बोलायचं. पण नुसतं बोलायला जीभ उचलेना. तेव्हा अध्याय चालू असतानाच, त्याच सुरात, सांगू लागलो: एका गावी एक शास्त्री होता, त्याने कोवळा कांदा उपटला आणि दोष एका निरपराध बाईच्या हाताला लावला. मी म्हटलं, तो शास्त्री हा समोर बसला आहे. लोकांनी हात जोडले. दोघीतिघींनी डोळे पुसले. बाबाजी पुढे येऊन पाया पडला आणि म्हणाला, "बुवा, किती पोथ्या झाल्या, पन ही कथा कवा आयकली नव्हती. कुटल्या पुरानातली?"

मी म्हटलं, माझी. तो म्हणाला, "तुमीच रचली? वा."

बाहेर आलो तर भागुबाई वाटेत उभी. "लोकांनी हात जोडलं, बुवा," म्हणाली. "माज्या दारात तांदूळ कुनी आनला न्हाय."

दुसऱ्या दिवशी पोथी घरी ठेवली, उपरणंही ठेवलं, आणि चिखलातून बाळाजीच्या वाडीत गेलो. तो माडाच्या आळ्यात पाणी तुंबलं होतं ते काढत होता. मी म्हटलं, "बाळाजी, कांदा मी कोवळा उपटला होता. भागुबाईने थांबा म्हटलं होतं. तिच्या हाताला दोष नाही."

त्याने फावडं टेकलं. "मंग बोल्लाव कशाला?"

"माझ्या माळा कुजल्या होत्या. लाज वाटली."

तो माझ्याकडे बघत राहिला. एवढा वेळ कोणी माझ्याकडे, मी पोथी वाचत नसताना, पाहिलेलं नाही. मग घराकडे तोंड करून ओरडला, "सखू, भागूच्या घरी तांदूळ न्यायचं हाय, माप काड." आणि पुन्हा पाणी काढू लागला. मला बस म्हणाला नाही.

बाबाजीकडे उशीर झाला होता. त्याने आषाढातच रोह्याच्या एका बाईला तांदूळ देऊन टाकले होते, आणि दिलेले तांदूळ कोणी परत मागत नाही. "तुमच्या शब्दावर दिलं, बुवा," एवढंच म्हणाला. त्याचा कांदा गावात सगळ्यात जास्त. म्हणजे भागुबाईचा निम्मा हंगाम गेला तो गेलाच. ते मला भरून देता येत नाही. तू लिहिलंस ते अर्धं खरं झालं.

देवळात आरतीनंतर तिसऱ्यांदा बोललो, पाटावर न बसता, उभ्याने, भागुबाईचं नाव घेऊन. या वेळी कोणी हात जोडले नाहीत. तेव्हा मला कळलं की त्यांना कळलं.

मग माझे मापभर तांदूळ घेऊन मी स्वतः तिच्या दारी गेलो. तिने माप पाहिलं, मला पाहिलं. "तुमचं न्हाय घ्यायाची," म्हणाली. "येक हंगाम तुमचं तुमी वळा." मी म्हटलं, मला वळता येत नाही. "मना बी येत नव्हतं," म्हणाली.

तांदूळ घेऊन परत आलो. वाटेत बाळाजीची सखुबाई भेटली. तिनं काही विचारलं नाही, पण मापाकडे पाहून हसली.

भाऊबीजेचा निर्णय तुझ्याकडे.

सदाशिव

नेहुली
१२ एप्रिल १९६०

ती. गं. भा. अक्कास साष्टांग नमस्कार.

भाऊबीजेला तू ओवाळलंस, जेवायला वाढलंस, आणि कांद्याची भजी केलीस. टोमणा समजला. भजी चांगली होती.

या वर्षी कांदा उभा होता तोवर मी बांधावर जाऊन बसत असे. चांगले दोन दिवस आले आणि गेले, मी पंचांग मिटून ठेवलं. एके दिवशी सकाळी पात आडवी पडलेली दिसली, पण निम्मी की निम्म्याहून कमी, ते ठरेना. मी मोजू लागलो. बाळाजीच्या वाडीकडे जाणारी भागुबाई बांधावर थांबली. विचारायला तोंड होत नव्हतं, म्हणून मोजत राहिलो. ती पुढे गेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा थांबली, तेव्हा शेतात उभ्या माना शोधाव्या लागत होत्या. तिने मान हलवली की नुसता पदर सावरला, ते मी सांगू शकत नाही. मी मात्र उपटायला वाकलो.

वाळवण झाल्यावर परड्यात सावलीला वळायला बसलो. पाणिनीची सूत्रं मी वर्षभरात पाठ केली होती. ही तिपेडी आठवडा झाला तरी बसत नाही. पात तुटते, पेंढा निसटतो, कांदा लोंबतो. वाटेने जाता जाता भागुबाई कुंपणापाशी आली, माझी पहिली माळ उचलली, शेंड्याला धरून एक झटका दिला. सगळे कांदे जमिनीवर. ती गेली. मी गोळा केले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. पुन्हा झटका. या वेळी अर्धेच पडले.

मी चिडलो, हे तुझ्यापासून लपवत नाही. अहो, तुम्ही शिकवा तरी, असं मी ओरडलो. पहिल्यांदाच तिला अहोजाहो केलं, तेही रागाने. ती म्हणाली, "शिकवतेच हाय की."

आज सकाळी ती आली तेव्हा माझ्यापुढे नऊ माळा होत्या. तिने एक उचलली. शेंड्याला धरली. झटका दिला. कांदे एकमेकांवर आपटले, एकही सुटला नाही. तिने पुन्हा दिला, जरा जोराने. मग पात बोटांनी चाचपली, अगदी मानेपाशी, आणि माळ माझ्या हातात ठेवली.

"टांगा," म्हणाली, आणि बाळाजीच्या वाडीकडे गेली. तिथं सात बायका कांदा पसरून तिच्याबरोबर वळायला थांबल्या होत्या.

सदाशिव